आमची वाटचाल : भोसरीतला क्लचचा गाळा

भोसरी एमआयडीसीतील आमच्या दहा बाय वीस फुटांच्या गाळ्यात आरंभापासून एकच काम चालत आले आहे, ते म्हणजे क्लचचे. माझे भागीदार आणि मी एकाच कारखान्यातून बाहेर पडलो व रिक्षा-स्कूटरच्या क्लच प्लेटांना लायनिंग, म्हणजे पकड धरणारा घर्षणाचा थर, चिकटवून देऊ लागलो. त्या काळाविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही, पोट भरत होते एवढेच. २०१३ मध्ये चाकणला तयार होणारी केटीएमची ३९० ड्यूक ही मोटरसायकल बाजारात आली, तिचे ३७३ सीसीचे इंजिन पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या फॉर्म्युला स्टुडंट संघांनी (ही विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा) आपल्या शर्यतीच्या गाड्यांसाठी उचलले, आणि आमचे गिऱ्हाईक बदलले.

पहिला संघ आला तो जळका वास घेऊनच. पिशवीतल्या स्टीलच्या प्लेटा तापून निळ्या पडल्या होत्या. इंजिनाची ताकद क्लचला पेलत नाही, असा मुलांचा समज होता. पण हवेच्या वाटेवर २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवा अडवणारे अरुंद तोंड, बसवलेल्या इंजिनात एवढी ताकद येणार कुठून? भागीदारांनी एकेक प्लेट सरफेस प्लेटच्या अगदी सपाट पाटावर ठेवली, कडेने फट मोजणाऱ्या फीलर गेजचे पाते सरकवून पाहिले, वाकलेल्या प्लेटा बाजूला काढल्या आणि मुलांना एवढेच विचारले, "मागचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) किती दातांचे?" ते लहान निघाले. पहिला गिअर लांब पडत असल्यामुळे गाडी सुटताना क्लच बराच वेळ अर्धवट दाबून घासत ठेवावा लागे. मोटरसायकलला जोर जास्त झाला तर तिचे पुढचे चाक उचलते. या गाडीचे रुंद टायर मात्र जमीन सोडत नाहीत, आणि सगळी उष्णता प्लेटांत उतरते. स्प्रॉकेट बदलल्यावर साध्याच प्लेटांवर त्यांचा हंगाम पार पडला. त्या संघात इंजिन पाहणारा मुलगा आज नोकरीत आहे, तरीही महाविद्यालयातल्या प्रत्येक नव्या तुकडीला तो "आधी काकांकडे जा" असे सांगतो.

आता तो प्रसंग, ज्याविषयी मी आजवर गप्प राहिलो. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर आमच्या प्लेटा बसवलेली एक गाडी सुमारे २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्समध्ये (लांब पल्ल्याच्या फेरीत) चालक बदलण्यासाठी थांबली. इंजिन पुन्हा सुरू झाले, गिअर पडला, पण गाडी जागची हलेना. संध्याकाळपर्यंत आमच्या प्लेटा जळतात ही बातमी पुण्यातल्या सगळ्या संघांपर्यंत पोहोचली होती. आमच्याच गल्लीतील एका व्यावसायिकाने, ज्याला आम्ही वर्षभर लायनिंग उधारीवर दिले होते, लगेच प्लेटा जास्त आवळणाऱ्या जाड स्प्रिंगांची पाकिटे विकायला काढली. आमच्या ऑर्डरी आटल्या, कामगारांचा पगार तीन महिने थकला आणि शेवटी लेथ विकावा लागला. तो कोणी विकत घेतला, हे गल्लीत सर्वांना ठाऊक आहे.

प्लेटा परत पाठवा असे मी त्या संघाला चार वेळा कळवले, पण आल्या नाहीत, म्हणून भागीदार स्वतः जाऊन घेऊन आले. व्हर्निअर लावला तर लायनिंगची जाडी जवळजवळ नव्यासारखीच भरली. पृष्ठभागावर मात्र काचेसारखी चकाकी आली होती. इंजिनात प्रायोजकाने दिलेले मोटारीचे तेल होते, घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले. मोटारीचा क्लच कोरडा असतो, तिथे ते चालते. आपला क्लच त्याच तेलात बुडून काम करतो, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ (मोटरसायकलच्या तेलाची जपानी मानके) असे छापलेले असावे लागते. तेल बदलून आणि नव्या प्लेटा घालून, मूळच्याच स्प्रिंगांवर ती गाडी पुढचा हंगाम धावली. ही बातमी मात्र कोणी कोणाला कळवली नाही.

जाड स्प्रिंगविषयी लिहिलेच पाहिजे. अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर ३९०चा क्लच स्लिपर जातीचा आहे. इंजिन गाडी ओढत असते तेव्हा त्यातील उतार प्लेटांना आणखी आवळतात, आणि गिअर झटकन उतरवला की तेच उतार पकड सैल करतात. स्प्रिंग जाड केली की ही सैल होण्याची क्रिया उशिरा होते आणि वळणाच्या तोंडाशी मागची चाके उड्या मारू लागतात. शिवाय केबल ताणते आणि लिव्हर जड होते ते वेगळेच. स्प्रिंग बदलण्याआधी पॅकची, म्हणजे प्लेटांच्या थप्पीची, एकूण उंची मोजावी. ती कमी भरत असेल तर मूळची चांगली स्प्रिंगही पुरेशी दबत नाही. प्लेटा ज्यात बसतात त्या हाउसिंगच्या बोटांवर प्लेटांच्या कडेच्या कानांनी पाडलेल्या खाचा नखाने चाचपून पाहाव्यात, कारण कान त्यांत अडकले की लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही. सेंटरचा (क्लचच्या मधल्या भागाचा) नट सोडवताना क्लच फिरू नये म्हणून आम्ही एक जुनी फ्रिक्शन प्लेट आणि एक स्टीलची प्लेट एकमेकींना वेल्ड करून तिला हातभर पट्टी जोडली आहे. बाजारातला होल्डर त्या नटावर दोनदा वाकला, हे हत्यार अजून सरळ आहे.

जानेवारीच्या स्पर्धेसाठीचे सेट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तयार होतील. प्लेटा बसवण्यापूर्वी रात्रभर तेलात भिजत ठेवाव्यात, आणि सेट न्यायला येताना त्या तेलाचा डबा सोबत आणून आधी मला दाखवावा.