तेच ‘सौभद्र’ परत कशाला?

‘‘काय ओ मावशी, परत सौभद्र? सुभद्रेचं लग्न अर्जुनाशीच होणार की!’’

‘संगीत सौभद्र’ या जुन्या संगीत नाटकाला निघाले की हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि त्याला एक शेपूटही असतं. अमुक नट-वादकांचा संच आता मोडणार, असं नुसतं कानावर आलं की मी बेळगावहून कोल्हापूर, सांगली, कधी पुण्यापर्यंत धावते ते का? तीच माणसं इतकी वर्षं गात होती, तुम्ही ऐकलीही आहेत, मग आता आणखी काय ऐकायचं राहिलं? माझं टिळकवाडीत औषधांचं दुकान आहे. काउंटरवर उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही, कारण मागे कुणीतरी तापाची गोळी मागत असतं. म्हणून हे जरा ऐसपैस सांगते.

आधी न्यूयॉर्कचं सांगते. माझी भाची तिकडे न्यू जर्सीत असते. 2022च्या सप्टेंबरात तिचा फोन आला, ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ बंद होणार म्हणून. ब्रॉडवेवरच्या मॅजेस्टिक थिएटरात हे संगीत नाटक 26 जानेवारी 1988ला सुरू झालं आणि तिथंच ठाण मांडून बसलं. कोरोनात सगळीच थिएटरं बंद होती तेवढा खंड सोडला तर पस्तीस वर्षं एकच जागा, एकच नाटक. बंद होण्याची तारीख 18 फेब्रुवारी 2023 ठरली होती. पण ती जाहीर होताच तिकिटांवर अशी झुंबड उडाली की मुदत आठ आठवड्यांनी वाढवावी लागली. अखेर 16 एप्रिलला 13,981 प्रयोगांवर पडदा पडला. भाची इतकी वर्षं तिथं राहून एकदाही गेली नव्हती. ‘‘आहेच की ते, कुठं जातंय,’’ हे तिचं म्हणणं. शेवटच्या महिन्यात गेली, दोनदा गेली, आणि दोन्ही वेळा शेजारी बसलेले लोक कितव्यांदा तरी आलेले. झुंबर खाली कोसळतं तो प्रवेश त्यांना सेकंदासकट पाठ, तरी दचकत होते म्हणे.

या सगळ्यात मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पस्तीस वर्षांत तिथं गाणारी माणसं बदलत गेली. मुखवट्यातला नायक बदलला, नायिका बदलल्या. दिग्दर्शक हॅरोल्ड प्रिन्स 2019 साली वारले, तरी त्यांनी बसवलेलं नाटक जसंच्या तसं चालू राहिलं. वाद्यवृंद 27 जणांचा होता. लंडनला तेच नाटक कोरोनानंतर 2021 मध्ये पुन्हा सुरू करताना 27 वादकांचे 14 केले, तेव्हा तिथले रसिक चिडले. ते मला अगदी पटतं. आमच्याकडेही ऑर्गनच्या जागी कीबोर्ड दिसला की पहिल्या तीन रांगांत चुळबुळ सुरू होते, आणि ती सुरू करणाऱ्यांत मीही असते. सांगायचं हे की तिकडे माणसं येतात-जातात आणि बांधणी टिकते. ती बांधणीच एक दिवस थांबवली जाते, रीतसर तारीख सांगून.

आमचं नेमकं उलट आहे. ‘संगीत सौभद्र’ 1882 साली रंगभूमीवर आलं, ते आजवर बंद झालेलं नाही. त्याला बंद करणार कोण? ते कुणा एका निर्मात्याचं नाहीच. हौशी मंडळी करतात, गोव्यात देवळापुढच्या मांडवात होतं, मुंबई-पुण्याच्या संस्था करतात. नाटक राहतं. जातो तो संच. अमुक बाईंची सुभद्रा, तमक्यांचा कृष्ण, त्यांच्यासोबत इतकी वर्षं बसलेला ऑर्गनवाला आणि तबलजी. एकाचा घसा बसतो, एकाला दौरे झेपेनासे होतात, एकाला मालिकेच्या शूटिंगच्या तारखा असतात. मग कधीतरी त्या माणसांचं एकत्र येणंच थांबतं. पेपरात ‘निरोपाचा प्रयोग’ अशी जाहिरात येते ती फार थोड्यांच्या नशिबी. बाकीच्यांचा शेवटचा प्रयोग होऊन गेलेला असतो आणि तो शेवटचा होता हे नटांनासुद्धा पुढे सहा महिन्यांनी कळतं.

बेळगावात तर हे आणखी तीव्र. इथं नाटक ‘चालू’ कधीच नसतं, ते येतं. कुणीतरी मंडळ किंवा कंत्राटदार हमी घेतो, तेव्हा मुंबईहून संच निघतो. बहुधा गोव्याचा दौरा ठरलेला असतो, आणि जाता-येता चोर्ला घाटाच्या अलीकडे एक रात्र आम्हाला मिळते. माणसांची बस, सेटचा ट्रक, नटांच्या नाईटा म्हणजे रात्रीचं मानधन, राहण्या-जेवण्याचा खर्च, हे सगळं एका रात्रीच्या तिकिटांत निघायला हवं. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं आणि सीमेचं वातावरण तापलं, की महाराष्ट्राची एसटी कोगनोळीच्या सीमानाक्यापलीकडेच थांबते. अशा वेळी नाटकाचा ट्रक कोण पाठवेल? मग ‘पुढच्या महिन्यात बघू’ होतं, आणि त्या पुढच्या महिन्यात संच तोच राहिलेला असेल याची खात्री नसते. त्यामुळे मुंबईतल्या रसिकाला निदान कधीतरी शेवटचा प्रयोग ठाऊक असतो. आमचा शेवटचा प्रयोग कधीच होऊन गेलेला असतो, बहुतेक वेळा निम्म्या रिकाम्या थिएटरात.

तरी सांगते, हे नाटक आमच्याकडे पाहुणं नव्हे. ते लिहिणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांचं गाव गुर्लहोसूर. ते आमच्याच जिल्ह्यात सौंदत्ती तालुक्यात आहे. तिथं ते 1843 साली जन्मले आणि 1885 साली तिथंच वारले. मधल्या काळात बेळगावात शिक्षकी केली, मग इथल्याच रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी केली. दिवसा सरकारी कागद आणि रात्री शाकुंतल, असा माणूस तो. ‘शाकुंतल’ 31 ऑक्टोबर 1880ला पुण्यात झालं म्हणून मराठी संगीत नाटक पुण्यात जन्मलं असं लोक म्हणतात. म्हणोत. पाळणा तिकडे टांगला असेल, पण पोर इकडचं. शब्द मराठी, पण कितीतरी पदांच्या चाली कानडी. आजूबाजूला जे कानावर पडत होतं ते त्यांनी घेतलं, कीर्तनातली साकी-दिंडी घेतली, लावणी घेतली. ‘शारदा’ लिहिणारे देवल इथंच शिकले, किर्लोस्करांच्याच तालमीत तयार झाले. म्हणून माझी गोकाकची एक कानडी मैत्रीण ‘सौभद्र’ बघायला येते तेव्हा तिला कथा समजावून सांगावी लागत नाही. अर्जुन-सुभद्रा तिलाही माहीत आणि निम्म्या चालीही. ती तिकडे ‘श्रीकृष्ण पारिजात’ या कानडी लोकनाट्यावर वाढलेली. तिच्या मते आमचा कृष्ण फार वेळ गातो आणि त्यांची सत्यभामा फार वेळ भांडते. यावर आमचं एकमत आहे.

तिनं मला एकदा बदामीजवळ बनशंकरीच्या जत्रेला नेलं होतं. तिथं पौषात कानडी कंपन्यांचे तंबू पडतात, आणि एकेक कंपनी तेच नाटक रात्रीमागून रात्री करते. आमच्या बाजूला ब्रॉडवेच्या जवळ जाणारी गोष्ट मी तेवढीच पाहिली. याच सौंदत्ती तालुक्यातल्या एणगीचे बाळप्पा असल्याच कंपन्यांमध्ये वाढले, पुढे स्वतःची कंपनी चालवली, आणि शंभरी ओलांडून 2017 साली गेले. त्यांना तरुणपणी गाताना ऐकलेली माणसं आता किती उरली असतील?

आता मूळ प्रश्न: तेच परत का?

कारण ते ‘तेच’ नसतं. कृष्ण रुक्मिणीची समजूत काढतो ते पद घ्या. शब्द ठरलेले, राग ठरलेला. पण वन्स मोअर मिळाला की गाणारा दुसऱ्यांदा कुठं वळेल हे त्यालाही पुरतं माहीत नसतं. एका कृष्णाला मी तरुणपणी ऐकलं तेव्हा तो ताना मोजून मारायचा, टाळी घेतल्याशिवाय समेवर यायचा नाही. त्याच माणसाला पुढे साठीच्या घरात सांगलीत ऐकलं. दम कमी झाला होता, म्हणून त्यानं ताना सोडल्या आणि शब्दांवर थांबायला लागला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा बायकोची समजूत काढतोय. तोवर तो फक्त गात होता. त्या प्रयोगानंतर त्यानं ती भूमिका फार दिवस केली नाही. तो प्रयोग चुकला असता तर माझ्याकडे त्याच्या फक्त ताना राहिल्या असत्या.

याच्या उलट बाजूही मी घरातच ऐकलेली आहे. आजोबांनी बालगंधर्वांना भरात असताना ऐकलं होतं. पुढे उतारवयात बालगंधर्वांच्या गाण्याचा कार्यक्रम जवळपास होता, तेव्हा आजोबा गेले नाहीत. ‘‘माझ्या कानात तो आवाज आहे, त्याच्यावर दुसरा कशाला घालू?’’ हे त्यांचं म्हणणं. आजी गेली. परत आल्यावर म्हणाली, ‘‘आवाज राहिला नाही, पण गाण्यातल्या जागा त्याच.’’ यावरून दोघांत पुढे कित्येक वर्षं खटके उडायचे, आणि मी लहान असताना ते मिटलेलं नव्हतं. आजोबांचं म्हणणं खोटं नाही. काही शेवटचे प्रयोग खरंच बघवत नाहीत. प्रॉम्प्टर नटापेक्षा मोठ्यानं बोलत असतो, सूर खाली आणलेला असतो, आणि समोरचे लोक दयेनं टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या मला अजिबात आवडत नाहीत. पण मी आजीच्या पक्षाची आहे. आजीला काय ऐकायचं ते कळत होतं. आजोबांना आपलं ऐकणं जपायचं होतं.

‘‘यूट्यूबवर आहे की सगळं,’’ असं आता तरुण मंडळी म्हणतात. आहे, आणि मी बघतेही, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा. पण रेकॉर्डिंगवाला नेमका वन्स मोअर कापतो. शिवाय तिथं पेटीवाला गायकाकडे बघतो ते दिसत नाही, कॅमेरा गायकाच्या तोंडावर असतो. संगीत नाटकातलं निम्मं नाट्य त्या बघण्यात असतं, असं माझं मत आहे. नाट्यशास्त्रात असं काही नसेल.

आणि ‘नाटक कुठं जातंय, पुन्हा येईलच’ हे मात्र खरं आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 साली आलं तेव्हा खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे होते, आणि 2010 मध्ये ते पुन्हा आलं तेव्हा त्यांचा नातू राहुल. दोन्ही खरे. पण पहिल्याची भरपाई दुसऱ्यानं होत नाही, आणि दुसऱ्यानं तसा दावाही केलेला नाही. त्या पहिल्या संचात झरीना झालेल्या फैय्याज 2015 साली आमच्या बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष होत्या. त्या वेळी त्यांच्याकडे बघताना गावातले कितीतरी लोक ‘आम्ही तुम्हाला तेव्हा ऐकलंय’ एवढंच सांगायला पुढे सरकत होते. तेवढं सांगता यावं, इतकाच या धावपळीचा फायदा.

जागेचाही भरवसा नाही, हे आम्ही दोन वर्षांत शिकलो. कोल्हापूरला आम्ही ज्या केशवराव भोसले नाट्यगृहात जायचो, शाहू महाराजांच्या काळात 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं, ते 8 ऑगस्ट 2024च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. केशवरावांनी ‘ललितकलादर्श’ नाटक कंपनी काढली ती 1908 साली, हुबळीत. म्हणजे तो माणूसही अर्धा आमचाच. तिथं बघितलेल्या एकाही प्रयोगाच्या वेळी आमच्या डोक्यात आलं नव्हतं की संच राहील आणि भिंतीच जातील.

तर उत्तर असं आहे: शेवटचा प्रयोग गाठायचा म्हणून मी धावत नाही, तो कुठला हे कळत नाही म्हणून धावते. तारीख कळली असती तर मीही भाचीसारखी पस्तीस वर्षं घरी बसले असते.

ती या दिवाळीला येतेय. तिला ‘सौभद्र’ बघायचंय. मी ओळखीच्या कंत्राटदाराला विचारलं, तो म्हणाला इकडं कुणी हमी घेत नाही, पण सांगलीला एक होण्यासारखं आहे. झालं तर गाडी काढायची आहे. मागे दोन जागा रिकाम्या आहेत, कुणाला यायचं असेल तर दुकानात सांगून ठेवा. पेट्रोलचे पैसे वाटून. आणि पद चालू असताना मोबाईल वर धरणाऱ्याला परतीच्या वाटेत निपाणीला उतरवण्यात येईल, मग रात्री किती का वाजलेले असोत.