कल्चर कल्चर काय करता, आधी कायदा वाचा

एचआरवाल्यांना एक सवय असते, दुसऱ्या देशात काही अडलं की "तिकडचं कल्चरच वेगळंय" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. आमच्या पुण्यात जर्मन कंपन्या ढीगभर, त्यामुळे हे वाक्य दर दुसऱ्या मीटिंगला कानावर येतं. पण मला विचाराल तर निम्म्या वेळा कल्चर-बिल्चर काही नसतं, तिकडचा कायदा कोणी उघडून बघितलेला नसतो एवढंच.

वॉलमार्टचंच घ्या ना. 1997 ला जर्मनीत गेले, 2006 ला दुकानं मेट्रो या जर्मन कंपनीला विकून परत. सगळे किस्सा सांगतात तो कॅशियरने गिऱ्हाईकाकडे बघून हसायचं त्याचा. मला त्यापेक्षा भारी वाटते ती आचारसंहितेची भानगड. अमेरिकेतली नियमावली उचलून तिकडे लावली, सहकाऱ्यांच्या तक्रारी करायला हॉटलाइन, कर्मचाऱ्यांच्या आपसातल्या प्रेमप्रकरणांवर बंधनं, आणि हे सगळं बेट्रिब्सराटला म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या समितीला न विचारता! 2005 मध्ये वुपरटालच्या कामगार कोर्टाने त्यातले बरेच नियम उडवले. तिकडे 5 कर्मचारी असले तरी अशी समिती निवडता येते, ओव्हरटाइम लावायला तिची संमती लागते, आणि कोणाला काढायचं असेल तर आधी तिचं म्हणणं ऐकावं लागतं, नाहीतर ते काढणंच रद्दबातल. आता यात कल्चर कुठे आलं?

उलटी गंमत जर्मन फोक्सवॅगनची. अमेरिकेत टेनेसीतल्या चॅटनूगाच्या कारखान्यात त्यांना तशीच समिती चालली असती, पण तिथे युनियनशिवाय कंपनीने स्वतः अशी समिती उभी करणं 1935 च्या कामगार कायद्यात अडकतं. मग युनियनसाठी मतदान, 2014 ला 712 विरुद्ध 626 ने युनियन हरली, जिंकली थेट 2024 ला. म्हणजे घरी जे रोजचं, तेच तिकडे दहा वर्षांचं राजकारण.

खरा फरक कळतो माणसं कमी करायची वेळ आली की. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नोकरी तशीही कधीही संपवता येते, त्यामुळे कोणाला काढायचं ती यादी कामाच्या रेटिंगवरून लावली तरी चालतं. जर्मनीत मंदीमुळे माणसं काढायची तर नोकरीची वर्षं, वय, घरात खाणारी तोंडं, अपंगत्व हे सगळं बघून ठरवायचं. आपल्याकडे कामगारांसाठी 1953 पासून साधारण नियम असा की शेवटी आलेला आधी जातो, आणि मोठ्या कारखान्याला वर सरकारची परवानगी, तिची मर्यादा 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने 100 वरून 300 कामगारांवर नेली. आता हेड ऑफिसमधून तिन्ही देशांसाठी एकच एक्सेल शीट आली, रेटिंगवर सॉर्ट केलेली, की तिकडच्या एचआरने काय करायचं? अमेरिकेतला बिचारा सेंड दाबून घरी जातो, बाकी दोघं वकिलाला फोन लावतात.