टेम्पोवरची अक्षरं : आमची वाटचाल

कोल्हापुरात आम्हाला ‘रेडियमवाले’ म्हणतात. गाडीवर चिकटणारं काहीही असो, लोकांसाठी ते रेडियमच. 2006 साली शाहूपुरीत दहा बाय बाराच्या गाळ्यात कर्जाचा दोन फुटी प्लॉटर, म्हणजे संगणकावरून अक्षरं कापणारं मशीन, घेऊन सुरुवात केली. भागीदार म्हणजे पेंटरमामा. ट्रकच्या फाळक्यांवर ब्रशनं अक्षरं काढण्यात त्यांची हयात गेलेली. प्लॉटर आला तसं त्यांचं काम आटलं, म्हणून मीच म्हणालो, “मामा, अक्षर तुम्ही सांगा, मी कापतो.”

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी चूक पकडली. आपल्या फॉन्टमध्ये काना, वेलांटी, मात्रा हे सुटे तुकडे शिरोरेघेवर एकमेकांवर चढलेले असतात. ते कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये वेल्ड न करता, म्हणजे एकसंध न जोडता, कापायला पाठवले की ब्लेड प्रत्येक सांध्यावर चीर पाडतं आणि सोलताना वेलांटी बोटाला चिकटून येते. मी तुकडे जुळवून चिकटवत होतो. मामांनी ते सगळं काढायला लावलं. “रेघ तुटली की नाव तुटलं. ज्याचं नाव आहे त्याला ते रोज दिसतं.”

पुढची सहा-सात वर्षं काम बरं चाललं. मग 2013 चा उन्हाळा आला.

दूध वाहतूक करणाऱ्या अण्णांचे 22 टेम्पो आमच्याकडे होते. दोन्ही बाजूंना नाव, मागं फोन नंबर. नेहमीच्या व्यापाऱ्यानं ‘कास्टच आहे’ म्हणून रोल दिला, तोही थोडा स्वस्त. मी विश्वास ठेवला. व्हिनाइल म्हणजे मागं गोंद असलेली प्लास्टिकची फिल्म, तिच्यातूनच अक्षरं कापतात. कास्ट व्हिनाइल पातळ ओतून वाळवलेलं असतं, त्याच्यात ताण नसतो. मला मिळालेला निघाला कॅलेंडर. तो माल रोलरमधून दाबून ओढलेला, उन्हात तो आपल्या मूळ मापाकडे परत जायला बघतो. एप्रिलमध्ये अण्णांच्या चालकानं बोलावून दाखवलं. प्रत्येक अक्षराभोवती काळी किनार. अक्षर आत सरकलं होतं, उघड्या पडलेल्या गोंदावर धूळ बसली होती. मे संपेपर्यंत रिव्हेटांवरची अक्षरं फुगून उठली.

समोरच्या दुकानदारानं त्या टेम्पोंचे फोटो काढले. हाच माणूस सुरुवातीला स्वतःचा प्लॉटर नव्हता तेव्हा माझ्याकडून कटिंग करून न्यायचा. आता माझ्या गिऱ्हाइकांना मोबाइल दाखवून सांगायचा, “त्यांची अक्षरं गळतात.” दोन शाळांच्या व्हॅन गेल्या, एका बेकरीच्या गाड्या गेल्या. व्यापाऱ्यानं हात वर केले. हे मी आजही विसरलेलो नाही, आणि विसरायचं कारणही नाही.

22 टेम्पो मी फुकट पुन्हा केले. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. अण्णा एवढंच म्हणाले, “गाडी तुझ्याकडंच लागणार. पण ह्या वेळी माल मी बघणार.” आम्ही दोन रोलचे तुकडे एका टेम्पोच्या टपावर लावले आणि ब्लेडनं मधोमध आडवा-उभा काप दिला. दोन महिन्यांत जुन्या मालाचा काप उघडून पत्रा दिसायला लागला. नव्याचा मिटलेलाच राहिला. तेव्हापासून कुठलाही नवा रोल आधी टपावर जातो. धंद्यातल्या नव्या पोरांनो, तुम्हीही हे करा, बिलावर काय लिहिलंय ते नंतर बघा.

रिव्हेटची युक्तीही त्याच कामात मामांनी काढली. त्यांचा एक जुना ब्रश होता, केस झिजून बोटभर उरलेले. रिव्हेटभोवती सुईनं दोन-तीन भोकं पाडायची, हीटगननं व्हिनाइल मऊ करायचं आणि त्या ब्रशनं गोल-गोल ठोकत बसवायचं. व्हिनाइल दाबून बसवायच्या पट्टीला, स्क्विजीला, ते जमत नाही. मामा आता नाहीत, ब्रश हीटगनच्या शेजारी टांगलेला आहे.

1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना कंपनीकडूनच हाय सिक्युरिटी पाट्या यायला लागल्या, नंबरप्लेटचं काम आटलं. त्याच वर्षी ऑगस्टच्या पुरात गाळ्यात पाणी शिरलं, प्लॉटर माळ्यावर चढवला म्हणून वाचला.

गाडीवाल्यांनाही सांगतो. नव्या रंगावर लगेच अक्षरं लावायला आणू नका, रंग पुरता वाळू द्या. लावल्यावर दोन दिवस धुऊ नका. वॉशिंगवाल्याला प्रेशरचा पाइप अक्षराच्या कडेवर रोखू देऊ नका, आणि चमक यावी म्हणून डिझेलचा फडका तर मुळीच नको, गोंद सुटतो. दहा फुटांवरून वाचायला एक इंच उंची धरा. टेम्पोच्या मागं पाच नंबर आणि सगळ्या देवांची नावं कोंबलीत तर त्यातलं एकही वाचलं जाणार नाही.

2021 मध्ये त्या 22 पैकी एक टेम्पो विकायला निघाला. नाव उतरवायला अण्णांनी तो माझ्याकडेच आणला. हीटगन लावून कोपरा उचलला आणि तिरकं, सावकाश ओढलं. आठ वर्षांचं ‘दूध’ शिरोरेघेसकट एका तुकड्यात हातात आलं. ते कागदावर लावून मी काउंटरच्या काचेखाली ठेवलं आहे. 2013 ची गोष्ट अजून ज्यांना सांगायची आहे, त्यांनी आधी ते येऊन बघावं.