ग्रीक माणसाचं गाव कुठे असतं

मी काही वर्षं अथेन्समध्ये राहून आले हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. "सॉक्रेटिस, प्लेटो, सिकंदर, ते ग्रीक आणि आजचे ग्रीक एकच का हो? की ते लोक कधीच संपले?" लग्नाच्या पंगतीत हे विचारलं गेलंय, रेल्वेच्या डब्यात विचारलं गेलंय. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

प्रश्न जुनाच आहे. ग्रीस ऑटोमन सत्तेतून नुकता सुटत होता तेव्हा, १८३० साली, फाल्मेरायर नावाच्या जर्मनभाषक इतिहासकाराने लिहून टाकलं की आजच्या ग्रीकांच्या अंगात प्राचीन हेलेनिक, म्हणजे ग्रीक, रक्ताचा थेंबही नाही. ग्रीकांना ते अजून झोंबतं. मला रक्ताच्या हिशेबात रस नाही. याच १८२१ च्या स्वातंत्र्यलढ्यात हायड्रा बेटाचे जे खलाशी प्राणपणाने लढले, त्यांच्यातले कितीतरी घरात अल्बेनियन बोलत. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. अडीच हजार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसांची चौकशी सगळे करतात, पण आज तिथे राहणारा माणूस कशाला आपलं घर म्हणतो, हे कुणी विचारत नाही.

ग्रीसमध्ये ओळख झाली की दुसरं वाक्य असतं, "मूळचे कुठले?" आणि "अथेन्सचा" हे उत्तर सहसा पुरत नाही. १८३४ साली राजधानी झालं तेव्हा अथेन्स काही हजार वस्तीचं गाव होतं. आज देशातला तिसरा हिस्सा तिथे आणि आसपास राहतो, म्हणजे जवळपास सगळेच कुठून तरी आलेले. देश महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान, त्यातला बराचसा डोंगर, आणि उरलेल्याचे समुद्राने केलेले तुकडे. माणसं राहतात अशी बेटंच दोनशेच्या वर. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायला पूर्वी खेचराची वाट असायची, त्यामुळे प्रत्येक खोऱ्याचं चीज वेगळं, नाच वेगळा, लग्नाची गाणी वेगळी. आडनावाच्या शेवटावरूनही बराच अंदाज येतो. 'आकिस' असेल तर क्रीट बेट, 'पुलोस' असेल तर बहुधा दक्षिणेचा पेलोपोनीज, 'इदिस' असेल तर पुष्कळदा काळ्या समुद्राकाठचा, आज तुर्कस्तानात असलेला पोंटस.

माझ्या नवऱ्याची नोकरी पिरेअस बंदरातल्या एका जहाज कंपनीत होती. त्याच्या एका सहकाऱ्याने हिवाळ्यात आम्हाला कालामाताजवळच्या त्याच्या गावी ऑलिव्हच्या काढणीला नेलं. हा माणूस एरवी दिवसभर जहाजांच्या दुरुस्तीचे ईमेल लिहिणारा. तिथे त्याने झाडाखाली जाळी अंथरली, लांब काठीने फांद्या झोडल्या, पोती भरली आणि संध्याकाळी गावच्या घाण्यावर आपल्या पाळीसाठी ताटकळत उभा राहिला. ताजं तेल हिरवट असतं आणि घशात मिरीसारखं झोंबतं. पावावर ओतून ते सगळ्यांना वाटलं. मग सतरा-सतरा लिटरचे डबे गाडीत भरून अथेन्सला आणले, भावाला, बहिणीला, सासूला पोचते केले. त्याचं वर्षभराचं तेल दुकानातून येत नाही. अशी घरं अथेन्समध्ये मी असंख्य पाहिली.

तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर इथेच आहे, असं मला वाटतं. कालामातापासून फार लांब नाही असं पिलोस. तिथल्या प्राचीन राजवाड्यात सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या सापडल्या. मायकल व्हेन्ट्रिस यांनी १९५२ साली ती लिपी उलगडली तेव्हा भाषा निघाली ग्रीक. मजकूर काय, तर कुणाला किती तेल दिलं, कुणाकडे किती मेंढ्या आहेत. सॉक्रेटिस त्यानंतर सातशेहून अधिक वर्षांनी जन्मला.

ऑगस्टमध्ये मुंबईतला कोकणी माणूस गणपतीला निघावा तसं अथेन्स १५ ऑगस्टला रिकामं होतं. तो मरियमचा सण. गावच्या चौकात टेबलं लागतात, मेलबर्नहून नि जर्मनीहून आलेली नातवंडं आजीच्या मागे मागे फिरतात, पहाटेपर्यंत नाच चालतो. मतदारयादीतलं नावसुद्धा पुष्कळांनी गावाकडेच ठेवलेलं असतं, मग निवडणुकीच्या आदल्या दिवशी बसस्थानकावर रांगा.

पण ज्यांचं गावच नकाशात दुसऱ्या देशात गेलं, त्यांचं काय? आम्ही राहायचो त्या उपनगराचं नाव नेआ स्मिर्नी, म्हणजे नवं स्मिर्ना. जुनं स्मिर्ना म्हणजे तुर्कस्तानातलं आजचं इझमीर. १९२२ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या जळाल्या आणि माणसं धक्क्यावर अडकली. पुढे जानेवारी १९२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ग्रीस आणि तुर्कस्तानात लोकांच्या अदलाबदलीचा करार झाला. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसच्या वाट्याला आले, त्यातले बहुतेक आधीच पळून आलेले. साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानला गेले. जेमतेम पन्नास लाखांच्या गरीब देशात एवढी माणसं सामावायची होती. फाळणी आपण सोसलेली आहे, त्यामुळे पुढचं मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

आमच्या घरमालकीणबाईंची आई स्मिर्नात जन्मलेली. बाईंनी ते शहर म्हातारपणी एकदाच पाहिलं, पण विचारलं की सांगत, "आम्ही स्मिर्नाचे." त्या करत ते सुत्झुकाकिया, टोमॅटोच्या रश्शातले लांबट खिम्याचे गोळे, त्यांत भरपूर जिरं असायचं. इतर ग्रीक स्वयंपाकात जिऱ्याचा वास मला क्वचितच आला होता. पानिओनिओस हा नेआ स्मिर्नीतला फुटबॉल क्लब १८९० साली स्मिर्नात स्थापन झाला आणि निर्वासितांबरोबर अथेन्सला आला. कॉन्स्टँटिनोपलहून, म्हणजे आजच्या इस्तंबूलहून, आलेल्यांनी १९२४ मध्ये एईके क्लब काढला, त्याच्या चिन्हावर आजही दोन तोंडांचा बायझंटाइन गरुड आहे.

पोंटसच्या लोकांनी तर देवीच नेली. ट्रॅबझॉनजवळच्या कड्यावरच्या सुमेला मठातली मरियमची प्रतिमा साधूंनी जाताना पुरून ठेवली होती. ती १९३१ मध्ये खणून ग्रीसला आणली आणि पुढे उत्तर ग्रीसमधल्या व्हेर्मिओ डोंगरावर नवं सुमेला उभं राहिलं. १५ ऑगस्टला तिथे पोंटिक लिरा हे तंतुवाद्य वाजत असतं आणि ज्यांनी काळा समुद्र कधी पाहिला नाही अशी पोरं ते अंग थरथरवणारे नाच बिनचूक नाचतात.

आता पुन्हा तुमचा प्रश्न, ग्रीक कोण? लोझानला हे धर्मावरून ठरलं, भाषेवरून नाही. तुर्कस्तानच्या मध्यभागातल्या कप्पाडोशियातले कित्येक ख्रिस्ती फक्त तुर्की बोलत, ती तुर्की ग्रीक अक्षरांत लिहीत. ते "मायदेशी" आले तेव्हा त्यांना बाजारात भाजीसुद्धा मागता येईना, आणि इथल्यांनी त्यांना तुर्काची अवलाद म्हणून हिणवलं. त्यांची नातवंडं आज निर्विवाद ग्रीक आहेत. उलट क्रीटचे मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या ग्रीक बोलत आलेले. त्यांना बोटींतून तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर, आयवालिकसारख्या गावांत, ग्रीकांच्या रिकाम्या घरांत नेऊन वसवलं. त्यांच्यातली म्हातारी माणसं मरेपर्यंत आपसांत क्रीटची ग्रीक बोलत राहिली. मला विचाराल तर त्यांची मायभूमीही ग्रीसच होती, आणि ग्रीकांची गोष्ट सांगताना त्यांना वगळणं मला जमत नाही.