चावडीच्या भिंतीतले तिघे

गारगोटी रस्त्याला माझी रोपवाटिका आहे. पावसाळ्यात वृक्षारोपणाची कामं येतात आणि त्यातली बरीच मनाला लागून राहतात. फोटो निघतात, हार पडतात आणि शिमग्यापर्यंत निम्मी रोपं वाळून गेलेली असतात. भुदरगड तालुक्यातल्या त्या गावातही तेच झालं होतं. दोन वर्षांपूर्वीचं एक वाळकं रोप मी हातानं ओढलं, तर ते पिशवीसकट वर आलं. लावताना प्लास्टिकची पिशवी फाडलीच नव्हती. आतल्या आत वळसे घालून मुळ्या दोरखंडासारख्या झाल्या होत्या.

म्हणून या वेळी काम घेताना मी अट घातली: ज्याच्या नावाचं झाड, त्याच्या घरानं पहिले तीन उन्हाळे पाणी घालायचं. काम होतं गावातून फौजेत गेलेल्या प्रत्येकाच्या नावानं एक झाड लावायचं. तो हयात असो वा नसो. शाळेपासून फाट्यापर्यंत, रस्त्याच्या दोन्ही अंगांना. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करून आणि घरोघर फिरून शाळेतल्या सरांनी ६१ नावं जमवली होती. विजेच्या तारा होत्या त्या बाजूला मी बहावा आणि ताम्हण सुचवलं, मोकळ्या बाजूला करंज आणि जांभूळ. सरपंचांना गुलमोहर हवा होता. पण गुलमोहर वादळात फांदी टाकतो, आणि या झाडांची फांदी मोडलेली कुठल्या घराला बघवणार? त्यांनी ऐकलं.

लागवडीच्या दिवशी सकाळी खड्डे तयार होते. दोन फुटांवर मुरूम लागल्यानं पहारीनं फोडावे लागले होते. शेणखत, निंबोळी पेंड, वरची माती, सगळं मिसळून ठेवलं होतं. आणि तिथंच काम अडलं. कुणाचं झाड कुठं? आधी शहीद, मग सुभेदार, मग हवालदार, शेवटी शिपाई, असं काही जण म्हणत होते. म्हणजे शिपायांची झाडं शेवटी उकिरड्याजवळ जाणार. आवाज चढायला लागले.

मला एक वाचलेलं आठवत होतं, ते मी सांगितलं. ऑस्ट्रेलियात बॅलरॅट नावाचं शहर आहे. तिथल्या कपड्याच्या कारखान्यातल्या बायकांनी पुढाकार घेऊन पहिल्या महायुद्धाला गेलेल्या आपल्या माणसांसाठी १९१७ ते १९१९ या काळात झाडं लावली. सुमारे २२ किलोमीटर रस्ता, एकेका झाडाला एकेकाचं नाव. क्रम हुद्द्याचा नाही, भरतीचा.

गावातले ऑनररी कॅप्टन पंच्याहत्तरीच्या घरातले. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालेले, ७१ च्या डिसेंबरात बांगलादेश युद्धातल्या जमालपूरच्या लढाईत होते. ते एवढंच बोलले, "ह्ये बरोबर हाय. आधी गेला त्याचं झाड आधी."

"मग सगळ्यात आधी कोण गेलं, साहेब?" सरांनी विचारलं.

कॅप्टन जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चावडीत एक दगूड हुता."

सगळे चावडीकडं निघालो. आतल्या भिंतीवर कॅलेंडरच्या मागं हिरव्या ऑइलपेंटखाली एक चौकोन फुगलेला दिसत होता. तालमीतल्या पोरांनी थिनरचे बोळे फिरवले. हिरवा रंग गेला, खालून निळा आला, तोही गेला आणि पांढरा संगमरवर उघडा पडला. १९१४-१९१९. या गावातून २७ माणसं लढाईला गेली, त्यांतल्या तिघांनी प्राण दिले. बस. अशा पाट्या आपल्याकडं बऱ्याच गावांत आहेत. बहुतेकांवर आकडे आहेत, नावं नाहीत.

कॅप्टन दगडावर हात ठेवून उभे होते. म्हणाले, १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात, आताच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. एप्रिल १९१६ मध्ये अन्न संपल्यावर शरण जावं लागलं. त्या मुलखात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या ४० हजारांवर माणसांसाठी बसऱ्याला स्मारक बांधलं. पण त्याच्या भिंतीवर आपल्या शिपायांची नावं कोरली नाहीत, पलटणीच्या खाली नुसती संख्या लिहिली. हे सांगताना त्यांचा आवाज बसला.

२७ खड्ड्यांना रस्ता पुरणार नव्हता. तिघांसाठी फाट्याच्या तोंडाला, ४० फुटांच्या अंतरानं तीन वड लावायचे ठरलं. वड माझ्याकडं होते, गाडी पाठवून आणवले.

तेवढ्यात एक आज्जी नातवाच्या खांद्याला धरून आल्या. नव्वदीला टेकलेल्या. "त्यातला एक आमच्या घरचा," म्हणाल्या. "माझं चुलतसासरं. बसऱ्याला गेल्यालं, माघारी न्हाई आलं. माझी आजेसासू दिवा लावताना रोज त्यास्नी हाक मारायची."

सरांनी वही उघडली. "आज्जी, नाव काय त्यांचं?"

आज्जींनी पदर ओठांवर घेतला. सासऱ्याच्या मानाच्या माणसाचं नाव त्यांनी जन्मात घेतलेलं नव्हतं. घरात ते ठाऊक असणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. नातवानं विनवलं, सरपंचांनी विनवलं. त्या मान हलवत राहिल्या. मला वाटलं, हे नाव आता इथंच संपणार.

मग त्यांनी शाळेच्या पोरांच्या रांगेकडं बघितलं. "ऐतवारच्या दुसऱ्या दिशी कंचा वार येतो रं?"

"सोमवार!" पोरं ओरडली.

"त्यातला वार काढा," आज्जी म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

सरांनी वहीत नाव लिहिलं. तिसरीतल्या एका पोरानं ते अक्षर लावून मोठ्यानं वाचलं. आज्जींनी ऐकताना हात जोडले. पहिल्या वडाची पिशवी मी ब्लेडनं उभी चिरली, बुडाची वेटोळी मुळी छाटली, आणि रोप खड्ड्यात उभं करून आज्जींच्या हातानं पहिली मूठ माती पडली. पाऊस भुरभुरत होता, तरी त्यांनी घरून आणलेला तांब्या सगळा ओतला. मी अडवलं नाही.

उरलेली झाडं दुपारपर्यंत लागली. पेंटर पत्र्याच्या पाट्या घेऊन बसला होता. ६२ पाट्या झाल्यावर त्यानं विचारलं, राहिलेल्या दोघांच्या पाट्यांवर काय लिहू? कुणी म्हणालं अज्ञात सैनिक लिही, कुणी म्हणालं शहीद लिही.

"नुस्ता पांढरा रंग दे," कॅप्टन म्हणाले. "अजून कुणाच्या घरात येखादी म्हातारी आसंल." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आन त्या दोघांचं पाणी माझ्याकडं लिवा."