जर्बिलचं नाक लाल झालंय? आधी भुसा बघा
रत्नागिरीच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट की कपडे वाळत नाहीत, आणि जर्बिल, म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, मूळचा मंगोलियाकडच्या कोरड्या भागातला, त्याला आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली बरी, त्याहून दमट झालं की नाकाभोवती लाल चिकट येतं, केस जातात. ते रक्त नसतं हो बहुतेक वेळा, डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतलं पॉर्फिरिन नावाचं लालसर द्रव्य असतं, साचलं की कातडी चुरचुरते. पिंजऱ्यात वखारीतला भुसा नकोच, पाइन-देवदारच्या वासातली फिनॉल्स नावाची रसायनं हॅमस्टरच्याही श्वासाला त्रास देतात. आमच्याकडे बिनवासाचं कागदी बेडिंग घातलं, आंघोळीला धुतलेली कोरडी वाळू दिली (किनाऱ्यावरची खारट नको!) आणि खरंच फरक पडला. श्वासाचा आवाज येत असेल तर सरळ व्हेटकडे न्या, मलम चोपडू नका, ते बिचारं चाटून खातं.