तुम्ही विचारलंत म्हणून: ट्यूनिंग वर्कशॉपमध्ये इंजिनाला हात लावू देतात का?

जर्मनीत मास्टर्स करताना मी सहा महिने एका कार ट्यूनिंग वर्कशॉपमध्ये इंटर्नशिप केली, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग गाडीची पॉवर वाढवायला शिकलात का?" ज्यांना स्वतःला जायचंय ते विचारतात, "तिथे इंजिनाला हात लावू देतात, की नुसती झाडलोट करून घेतात?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी येतं, म्हणून एकदमच देते.

झाडलोट केली. रोज संध्याकाळी, आणि ती सगळेच करायचे. पण पहिले तीन आठवडे माझं खरं काम होतं मोजण्याचं. पॉवर वाढवायची गोष्टच कुणी काढली नाही.

वर्कशॉप स्टुटगार्टच्या उत्तरेला एका लहान गावात होतं. चार लिफ्ट, आणि मागच्या खोलीत डायनो, म्हणजे गाडीची ताकद मोजणारं रोलरचं मशीन. गाडी रोलरवर चढवायची, पट्ट्यांनी घट्ट आवळायची, टायरमधली हवा बघायची, समोर मोठा पंखा लावायचा, ऑइल पुरेसं गरम होईपर्यंत थांबायचं. मग एकाच गिअरमध्ये शेवटपर्यंत ॲक्सिलरेटर. हे तीनदा. तिसऱ्या वेळी आकडा बहुतेकदा खाली यायचा, कारण तोवर इंटरकूलर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा थंड करणारा भाग, तापलेला असतो आणि गरम हवा विरळ असते. त्या दिवशीचं हवेचं तापमान आणि दाब लिहिल्याशिवाय आलेला आकडा तिथे कुणी मानत नसे. शिवाय रोलरला कळते ती चाकापाशी पोचलेली ताकद. शेवटी क्लच दाबून गाडी नुसती फिरू द्यायची, त्यात वाटेत किती ताकद खर्च होते ते मिळतं, आणि ते मिळवून इंजिनाचा आकडा निघतो. टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) यांच्या गुणाकारातूनच पॉवर येते: 4775 आरपीएमला 200 न्यूटन मीटर म्हणजे 100 किलोवॅट, तिथल्या भाषेत 136 पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर). कॉलेजात हे सूत्र मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. कानांवर मफ लावून रोलरशेजारी उभं राहिल्यावर ते अंगात भिनलं.

एक गाडी मला विसरता येत नाही. टर्बो पेट्रोल, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा टर्बो असलेली. मालकाला रीमॅप हवा होता, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग (मॅप) बदलून हवी होती. आधीचं माप घेतलं तर कागदावरच्या आकड्यापेक्षा वीसेक पीएस कमी. मी म्हणाले, रीमॅपमध्ये भरून निघेल ना? माइस्टरनी, म्हणजे वर्कशॉपच्या मुख्य कारागिरांनी, लॅपटॉप मिटला आणि धुराचं मशीन आणायला सांगितलं. इनटेकमध्ये धूर सोडला, आणि दोन मिनिटांत एका होज पाइपच्या क्लिपखालून बारीक रेघ वर आली. पाइपला चीर होती. तशीच ठेवून जास्त बूस्ट (हवेचा दाब) मागितला असता, तर गळकी हवा भरून काढायला टर्बो आणखी जोरात फिरला असता, आणखी तापला असता, आणि काही महिन्यांत गेला असता. पाइप बदलला, पुन्हा माप घेतलं, आकडा कागदाशी जुळला. रीमॅप पुढच्या आठवड्यात झाला. मला मात्र तो धूर दिसला तेव्हाच कळलं की मी इथे काय शिकायला आले आहे.

रीमॅप करताना मी शेजारी बसून लॉग, म्हणजे इंजिनाच्या नोंदी, वाचायचे. मॅपमध्ये बदल करायचं काम मला दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एका भागाला सुमारे 14.7 भाग हवा लागते. फुल लोडला मुद्दाम पेट्रोल थोडं जास्त ठेवतात, म्हणजे आतलं तापमान आवाक्यात राहतं. इग्निशन (ठिणगी पडण्याची वेळ) जरा जरा पुढे घ्यायचं आणि नॉकिंगवर, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकण्यावर, डोळा ठेवायचा. नॉक सेन्सरने एका सिलिंडरवर जरी टायमिंग मागे ओढलं, तरी तिथेच थांबायचं. 98 ऑक्टेनच्या पेट्रोलवर (ऑक्टेन जास्त, तर नॉकिंग कमी) केलेला मॅप 95 वर चालवणार का, हे गिऱ्हाइकाला आधीच विचारलं जायचं. सायलेन्सरमधून फटफट आवाज काढणारे मॅप आमच्याकडे करत नसत. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पेटलं की धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून निघतो. त्या आवाजासाठी लोक पैसे मोजतात याचं मला आजही वाईट वाटतं.

कागदपत्रांबद्दल सहसा कुणी विचारत नाही, पण जर्मनीतल्या ट्यूनिंगचा अर्धा जीव त्यातच आहे. नुसत्या स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवली, तरी त्या भागाचा तपासणी अहवाल लागतो आणि ट्यूफ किंवा डेक्रासारख्या संस्थेचा तपासनीस गाडी पाहून सही करतो. नियमात न बसणारा बदल केला, तर गाडीची रस्त्यावर चालवायची मंजुरीच संपू शकते. आमच्याकडे तपासनीस दर आठवड्याला यायचे. एक चाक उंचावर चढवायला लावायचे, टायर कुठे घासतो का ते बॅटरीच्या उजेडात बघायचे, हेडलाइटची पातळी तपासायचे. मला सुरुवातीला ही अडवणूक वाटली. नंतर त्यांच्यासोबत गाडीखाली वाकून बघायला मी हातातलं काम ठेवून जायला लागले.

माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगते. चाकं बसवून झाल्यावर प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने ओढायचा आणि त्यावर रंगाची खूण करायची, अशी पद्धत होती. मधेच फोन आला, आणि एका चाकाचे बोल्ट मी हाताने लावून तसेच सोडले. गाडी बाहेर काढण्याआधी एक सहकारी फेरी मारत होता, त्याला खूण दिसली नाही. तो ओरडला नाही. रेंच 120 न्यूटन मीटरवर लावून माझ्या हातात दिला आणि पाचही बोल्ट होईपर्यंत उभा राहिला. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे काम सुरू असताना मी फोन खिशातही ठेवला नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग असेल, तर तिला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. त्यामुळे पैसे किती, ते आधी लेखी घ्या. मोठ्या नावांच्या मागे लागण्यापेक्षा लहान वर्कशॉप शोधा. तिथे माणसं कमी, त्यामुळे पाना लवकर हातात येतो. आज मर्सिडीजची असलेली एएमजीसुद्धा 1967 साली दोन इंजिनिअरांनी बुर्गश्टाल गावातल्या जुन्या गिरणीत सुरू केली होती. जर्मन निदान बी1 (मध्यम) पातळीपर्यंत शिका. लिफ्टखाली उभं असताना "मागे हो" हे शब्द ऐकताक्षणी कळले पाहिजेत.

आणि अर्जात "मला गाड्यांची आवड आहे" एवढंच लिहू नका. मी लिहिलं होतं की एका जुन्या इंजिनाचं हेड गॅस्केट बदललं, आणि बदलण्याआधी व नंतर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजलं. मुलाखतीत माइस्टरनी माझे मार्क पाहिले नाहीत. त्यांनी ते आठ आकडे विचारले.